आधी प्रत, मग तपासणी

लग्नाचे फोटो, दिवाळी अंकाच्या जुळणीच्या फायली, आजीच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण, पीएच.डी.साठी जमवलेली टिपणं. मराठी घरांत आणि कचेऱ्यांत असं बरंच काही आज खिशात मावणाऱ्या एखाद्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतं, आणि पुष्कळदा फक्त तिच्यावरच असतं. मग एके दिवशी ती कॉम्प्युटरला दिसेनाशी होते. घाबरलेला माणूस केबल काढून पुन्हा लावतो, डिस्क हलवून पाहतो, पडद्यावर 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर 'हो' म्हणतो, कुणीतरी सुचवलेलं सॉफ्टवेअर रात्रभर चालवतो. सकाळपर्यंत दुरुस्त होण्याजोगी गोष्ट दुरुस्तीपलीकडे गेलेली असते.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कमधला बिघाड ओळखण्याबद्दल गेल्या तीन दशकांत बरंच ज्ञान जमा झालं आहे. डिस्क बनवणाऱ्यांनी तिच्यातच स्वपरीक्षणाची सोय केली, मोठ्या डेटा सेंटरांनी लाखभर डिस्कचे हिशेब मांडले, डेटा रिकव्हरीचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. या सगळ्यातून मला एक मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. तपासणी फुकट होत नाही. डिस्क फिरवून, वाचून पाहिल्याशिवाय तिच्या आतली बरीचशी लक्षणं कळत नाहीत आणि दुखावलेल्या डिस्कला असं फिरवणं, वाचायला लावणं हाच तिच्यावरचा सर्वांत मोठा ताण असतो. म्हणून कोणती तपासणी करावी यापेक्षा कोणती आधी आणि कोणती नंतर, हा प्रश्न मोठा आहे.

डबीच्या आत

क्रम ठरवायचा तर आत काय काय बिघडू शकतं ते माहीत हवं. आयबीएमनं १९५६ मध्ये आणलेल्या 'रॅमॅक' यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरं मावत. १९७३ च्या 'विंचेस्टर' रचनेनं तबकड्या आणि वाचणारी-लिहिणारी हेड एकाच बंद कवचात आणली. आजच्या डिस्कचं मूळ तिथं आहे. फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिला न टेकता तरंगणारं हेड ही कल्पना तेव्हापासून बदललेली नाही, अंतर मात्र कमालीचं कमी झालं. लॅपटॉपच्या आकाराची अडीच इंची डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा कण, बोटाचा ठसा किंवा चालू असताना बसलेला धक्का एवढ्या अंतरात खपत नाही.

एक्स्टर्नल डिस्कमध्ये या यंत्राभोवती आणखी थर असतात. सर्वांत बाहेर यूएसबी केबल आणि पोर्ट. त्यानंतर ब्रिज, म्हणजे यूएसबीची भाषा डिस्कच्या साटा भाषेत बदलणारी छोटी चिप. मग डिस्कचं स्वतःचं सर्किट बोर्ड. त्याखाली मोटर, हेड आणि तबकड्या. तबकडीवरच्या राखीव भागात डिस्कचं अंतर्गत सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर आणि खराब जागांच्या याद्या असतात. या सर्वांच्या वर, माहितीच्या रूपात, फाइल सिस्टिम असते. कोणती फाइल तबकडीवर कुठं आहे याची नोंदवही ती ठेवते.

केबल, ब्रिज, बोर्ड, मोटर आणि हेड, फर्मवेअर, तबकडी, फाइल सिस्टिम या सातांपैकी कुठंही गडबड झाली तरी वापरणाऱ्याला दिसणारं लक्षण एकच असू शकतं: डिस्क उघडत नाही. निदान म्हणजे दोष यांतल्या कोणत्या थरात आहे ते ठरवणं. शोध बाहेरून आत न्यायचा, कारण बाहेरचे थर तपासताना तबकडीला सहसा हात लागत नाही.

केबल, पोर्ट आणि वीज

अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, वीजही यूएसबीमधूनच मिळते. यूएसबी २.० च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टनं ९०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक सांगतं. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना मोटरला क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज लागते. जुना पोर्ट, डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूला लांब तारेनं जोडलेला पोर्ट, वेगळी वीज नसलेला यूएसबी हब किंवा बारीक तारांची स्वस्त केबल इथं कमी पडते. मग दिवा लागतो, डिस्क फिरू पाहते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. कॉम्प्युटर जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज आलटून पालटून देत राहतो. हे लक्षण हेड बिघडल्यासारखं भासतं, पण दोष केबल बदलल्यावर जाऊ शकतो.

म्हणून पहिली तपासणी अशी: दुसरी, आखूड आणि खात्रीची केबल घ्यावी, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला थेट जोडावी, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहावं. यूएसबी ३.० च्या बऱ्याच डिस्कवर असलेलं रुंद मायक्रो-बी सॉकेट वारंवार हलून ढिलं होतं, तिथं बोटानं दाबलं की डिस्क दिसते आणि सोडलं की जाते. अशी डिस्क हातानं दाबून धरून कॉपी करत बसू नये. लिहिता-वाचताना वीज तुटत राहिली तर फाइल सिस्टिमही बिघडते आणि एका दोषाचे दोन होतात.

साडेतीन इंची, टेबलावर ठेवायच्या डिस्कला बहुधा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरात एकसारख्या पिना असलेले अडॅप्टर पडलेले असतात आणि लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर चुकून लागतो. अशा वेळी बहुतेक बोर्डांवरचे टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन पुढचं सर्किट वाचवतात. डिस्क पूर्ण मेल्यासारखी होते, ना आवाज ना कंप. पण तबकडी आणि हेड सुखरूप असण्याची शक्यता बरीच असते. जाणता कारागीर तो डायोड ओळखू शकतो. त्यामुळे 'अगदीच शांत' डिस्क ही पुष्कळदा 'टक्-टक् करणाऱ्या' डिस्कपेक्षा आशादायक असते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

ब्रिजची गुंतागुंत

केबल आणि वीज ठीक असेल तर पुढचा संशयित ब्रिज. जुनी पद्धत अशी: डबी उघडायची, आतली डिस्क काढायची आणि दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा डेस्कटॉपच्या साटा केबलला लावायची. डिस्क दिसली तर दोष ब्रिजचा. ही पद्धत अजूनही उपयोगी आहे, पण तीन अडचणी तिच्या आड येतात.

पहिली, बऱ्याच नव्या अडीच इंची डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं. काढायला वेगळा ब्रिजच नसतो, साटा जोडणीही नसते. दुसरी अडचण एन्क्रिप्शनची. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि माय बुक मालिकांतल्या अनेक मॉडेलांत ब्रिजची चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच तबकडीवर लिहिते, मालकानं पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. २०१५ मध्ये तीन संशोधकांनी या रचनेची चिरफाड करून तिच्यातले दोष दाखवले. त्यातून सामान्य वापरणाऱ्यासाठी निघणारी गोष्ट अशी की डिस्क बाहेर काढून जोडली तर ती दिसते पण मजकूर अर्थहीन असतो, आणि डेटा नष्ट झाला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तिसरी अडचण सेक्टरच्या, म्हणजे डेटा ज्या लहान तुकड्यांत साठतो त्यांच्या, आकाराची. काही ब्रिज आतल्या ५१२ बाइटच्या सेक्टरांचे गट करून कॉम्प्युटरला ४,०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. डिस्क थेट जोडली की पार्टिशनचा हिशेब जुळत नाही आणि ती कोरी दिसते. प्रत्यक्षात सगळं जागेवर असतं.

म्हणून डबी उघडण्याआधी मॉडेलची माहिती काढणं आणि मूळचा ब्रिज जपून ठेवणं आवश्यक आहे. वॉरंटी चालू असेल तर उघडल्यानं ती जाईल हेही ध्यानात घ्यावं. अर्थात वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा परत मिळत नाही.

आवाजावरून निदान

वीज दिल्यावरचे पहिले दहा सेकंद नीट ऐकले तर बरंच कळतं, आणि या परीक्षेला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. काहीच आवाज आणि कंप नसेल तर संशय विजेवर किंवा बोर्डावर. बारीक 'बीप'सारखा किंवा अडकल्यासारखा आवाज येत असेल तर मोटर फिरू शकत नाही. एक तर वीज अपुरी आहे, नाहीतर हेड तबकडीला चिकटलं आहे किंवा पडल्यामुळे मोटरचं बेअरिंग जाम झालं आहे. तबकडी फिरते आणि ठरावीक लयीत टक्-टक् येतं, तेव्हा हेडला वाचण्याची खूण सापडत नसते. ते जागेवर परत जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतं. खरवडल्यासारखा आवाज सर्वांत वाईट, कारण त्यात हेड तबकडीवर घासत असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक फेऱ्याला चुंबकीय थर निघत असतो.

केबल आणि पोर्ट बदलूनही टक्-टक् किंवा खरखर कायम असेल तर घरचं निदान तिथं संपतं. डिस्क बंद करायची. 'एकदाच शेवटचं पाहू' हा मोह इथं फार महागात पडतो. मोडलेल्या पायाचं निदान माणसाला पळवून करत नाहीत. हेड बदलण्याचं काम धूळमुक्त खोलीत, जुळणाऱ्या दुसऱ्या डिस्कचे सुटे भाग घेऊन होतं आणि तबकडी शाबूत असेल तरच त्याला यश येतं.

आवाज अगदी नेहमीसारखा, तरी कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाही किंवा क्षमता शून्य दिसते, असंही होतं. अशा वेळी फर्मवेअरवर संशय घ्यावा. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००९ च्या सुरुवातीचं. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्क फर्मवेअरमधल्या चुकीमुळे सुरू होतानाच अडकून पडू लागल्या. त्यांचे भाग धड होते, डेटा जसाच्या तसा होता. कंपनीनं सुधारित फर्मवेअर दिलं आणि बाधित ग्राहकांना डेटा परत मिळवून देण्याची तयारी दाखवली. 'दिसत नाही' आणि 'नष्ट झालं' यांत किती अंतर असू शकतं ते या प्रकरणानं दाखवलं.

'स्मार्ट'वर किती भरवसा ठेवावा?

डिस्क कॉम्प्युटरला दिसत असेल तर तिलाच तिची प्रकृती विचारता येते. १९९२ मध्ये आयबीएमनं आपल्या डिस्कमध्ये बिघाडाचा पूर्वअंदाज देणारी सोय आणली. १९९५ मध्ये कॉम्पॅकनं डिस्क उत्पादकांना बरोबर घेऊन मांडलेल्या प्रस्तावातून 'स्मार्ट' हे मानक पुढं आलं. डिस्क आपल्या चुकांची, बदललेल्या जागांची, तापमानाची, चालू तासांची नोंद ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि इतर बहुतेक प्रणालींवर स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं त्या नोंदी वाचतात. नोंदी वाचायला काही क्षण लागतात. 'लाँग टेस्ट' वेगळी, ती पूर्ण तबकडी वाचते. प्रत घेण्याआधी ती चालवू नये.

नोंदी अनेक, पण थोड्याच कामाच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरून पर्यायी जागी हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यानं निकालाची वाट पाहणारे सेक्टर. १९८ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. यांच्या कच्च्या आकड्याकडे पाहावं. शून्य उत्तम, शून्याहून जास्त असेल तर सावध व्हावं, आणि आठवड्याभरात वाढत असेल तर त्या डिस्कवरचा भरवसा संपला. उलट काही उत्पादकांच्या डिस्कवर क्रमांक १ पुढं करोडोंचे आकडे दिसतात. तो त्यांच्या नोंदीच्या पद्धतीचा भाग आहे, घाबरण्याचं कारण नाही. क्रमांक १९९ डिस्क आणि ब्रिज यांच्यामधल्या जोडणीतल्या चुका मोजतो. यूएसबी केबल खराब असली तरी तो शून्यच राहू शकतो, कारण ती केबल ब्रिजच्या अलीकडे असते. इंटर्नल डिस्कसाठी लिहिलेले सल्ले जसेच्या तसे एक्स्टर्नलला लावले की असा घोटाळा होतो. शिवाय काही ब्रिज स्मार्टच्या नोंदी पुढं पाठवतच नाहीत. नोंदी दिसत नाहीत याचा अर्थ डिस्क निरोगी आहे असा होत नाही.

स्मार्टच्या भाकिताची खरी परीक्षा २००७ मध्ये झाली. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डीट्रिश वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तबकडी तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा आला तर तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर सर्वांत बोलक्या चार नोंदींपैकी एकही उमटलेली नव्हती. तापमान सोडून बाकी सगळ्या नोंदी धरल्या तरी ३६ टक्के डिस्क कोणताही इशारा न देता गेल्या. बॅकब्लेझ ही साठवण-सेवा देणारी कंपनी आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. तिनं २०१६ मध्ये दिलेल्या हिशेबात, तिच्या मते महत्त्वाच्या पाच नोंदींपैकी किमान एक बंद पडलेल्या ७६.७ टक्के डिस्कवर उमटली होती, चालू असलेल्या डिस्कवर हे प्रमाण ४.२ टक्के होतं. दोन अभ्यासांचे आकडे वेगळे असले तरी निष्कर्ष जुळतो. वाईट नोंद विश्वासार्ह असते, चांगली नोंद विश्वासार्ह नसते. साधनाच्या पडद्यावर हिरव्या रंगात आलेलं 'गुड' आज बॅकअप टाळण्याचं कारण होऊ शकत नाही.

२००७ मध्येच, गूगलचा अभ्यास मांडला गेला त्याच परिषदेत, बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी आणखी एक समज मोडला. उत्पादकांच्या तक्त्यांनुसार दर वर्षी फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं नित्याचं होतं आणि काही ठिकाणी प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेलं. सुरुवातीचा काळ निभावला की डिस्क बरीच वर्षं निर्धोक, हा समजही टिकला नाही, बदलण्याचं प्रमाण वयाबरोबर सतत वाढत गेलं. हे अभ्यास थंड खोल्यांत, रॅकवर स्थिर बसवलेल्या डिस्कचे आहेत. आपली डिस्क पिशवीतून लोकल गाडीत जाते, टेबलावरून पडते, न थांबवता उपटली जाते. त्या आकड्यांतून घरगुती डिस्कबद्दल आश्वासन शोधू नये, सावधगिरी मात्र जरूर घ्यावी.

डिस्क मंद झाली असेल तर

फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी मधेच शून्यावर येते, कॉम्प्युटर गोठतो. हे बहुधा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचं लक्षण आहे. डिस्क एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि विंडोज तिला तोच आदेश पुन्हा देत राहतं. १९७ क्रमांकाची नोंद इथं साक्ष देते.

मंदपणाचं दुसरं कारण बिघाडाचं नाही. जास्त क्षमता कमी जागेत बसवण्यासाठी अनेक डिस्कमध्ये एसएमआर पद्धतीनं लेखनाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. त्यामुळे मोठा डेटा सलग लिहिताना वेग एकाएकी कोसळतो आणि डिस्कला मोकळा वेळ मिळाला की पूर्ववत होतो. वाचताना वेग ठीक, दीर्घ लेखनात मंद आणि स्मार्टच्या नोंदी शून्य असतील तर ही पद्धत आहे असं समजावं. अशा काही डिस्क ट्रिम, म्हणजे 'या जागा आता रिकाम्या' असं सांगणारा, आदेशही पाळतात. फॉरमॅट केल्यावर जुन्या जागा वाचायला गेलं की शून्यंच मिळतात. 'क्विक फॉरमॅट केलं तरी डेटा परत येतो' हा जुना दिलासा त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही.

नोंदवही बिघडली तर

डिस्क दिसते, क्षमता बरोबर दाखवते, आवाज ठीक आहे, पण विंडोज तिला 'रॉ' म्हणतं किंवा फॉरमॅट करायला सांगतं. अशा वेळी दोष बहुधा फाइल सिस्टिममध्ये असतो. चालू काम संपण्याआधी केबल उपटणं हे त्याचं नेहमीचं कारण. कॅमेरे, टीव्ही आणि कॉम्प्युटर या सगळ्यांना चालणाऱ्या एक्सफॅट फाइल सिस्टिममध्ये बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी जर्नलची सोय नाही, त्यामुळे ती अशा झटक्याला विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएसपेक्षा हळवी असते.

इथं आधी बिघाड नसलेल्या शक्यता बाजूला काढाव्यात. मॅकसाठी तयार केलेली डिस्क विंडोज वाचू शकत नाही आणि ती फॉरमॅट करायला सुचवतं. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण मोजण्याचा पाया वेगळा असतो. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर तो व्हायरस असतो. सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं आणि फोटो स्टुडिओंतून तो वर्षानुवर्षं फिरला आहे. मूळ फोल्डर तिथंच लपवलेले असतात. अवाच्या सवा क्षमतेची, अविश्वसनीय स्वस्त डिस्क घेतली असेल तर आत छोटं मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारी चिप असू शकते. तिच्यावर लिहिलेला डेटा मुळात साठलेलाच नसतो.

खरा दोष असेल तर तीन गोष्टी करू नयेत. 'फॉरमॅट'ला होकार देऊ नये, डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशियलाइझ' करू नये, आणि प्रत नसताना 'चेकडिस्क'ला दुरुस्तीचा आदेश देऊ नये. चेकडिस्कचं काम नोंदवही सुसंगत करणं आहे. त्यासाठी ते न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतं, आणि ज्या नोंदी काढल्या त्यांतच आपल्या फायली असू शकतात. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर हा धोका आणखी वाढतो.

प्रत घेण्याचं शास्त्र

इथवर आलेल्या डिस्कचं, म्हणजे दिसते पण धडपणे उघडत नाही अशा डिस्कचं, पुढचं निदान तिच्यावर करूच नये. तिची सेक्टरनिहाय प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या धडधाकट डिस्कवर घ्यावी आणि सगळे प्रयोग प्रतीवर करावेत.

यासाठी अँटोनियो दियाझ दियाझ यांचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन विशेष उपयोगी आहे. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडचणीच्या जागा ओलांडून पुढं जातं आणि मग उरलेल्या जागांकडे लहान लहान तुकड्यांनी परततं. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये राहते. त्यामुळे मधे डिस्क बंद करून थंड होऊ दिली तरी काम तिथूनच पुढं चालतं. डिस्कचं उरलेलं आयुष्य सर्वांत जास्त डेटा वाचवण्यात खर्च व्हावं, हे त्याच्या क्रमामागचं तत्त्व. आदेश देताना मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क डेटावर उतरते, म्हणून डिस्कची नावं दोनदा पडताळावीत. प्रत हाती आली की क्रिस्तोफ ग्रेनिए यांची टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधनं हरवलेली पार्टिशनं आणि फायली शोधून देतात. चेकडिस्कही प्रतीवर खुशाल चालवावं, फसलं तरी मूळ डिस्कला धक्का लागत नाही.

थोड्याच फायली अत्यंत महत्त्वाच्या असतील आणि फोल्डर अजून उघडत असतील तर आधी त्या उचलाव्यात, मग संपूर्ण प्रत घ्यावी. तपासणीसाठी पूर्ण डिस्क वाचणारी साधनं आणि प्रत घेणारं साधन तबकडीवर जवळपास सारखाच भार टाकतात. मग तो भार टाकून केवळ 'इतके सेक्टर खराब' एवढा अहवाल घ्यावा, की डेटाच घ्यावा? उत्तर उघड आहे.

जुने तोडगे

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून दिला जातो. जुन्या काळच्या काही दोषांत आकुंचनामुळे क्षणिक फरक पडत असेलही, पण बाहेर काढल्यावर हवेतली वाफ तबकडीवर आणि बोर्डावर जमते. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळी हवेत तर हमखास. काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडला पाण्याचा थेंब म्हणजे आदळण्याची जागा. डिस्क आपटून चिकटलेलं हेड सोडवणं किंवा घरात झाकण उघडणं हेही तितकंच घातक. ज्या खोलीत हे काम होतं ती आयएसओ ५ दर्जाची असते, तिच्या एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा मोठे कण फार तर ३,५२० चालतात.

सारख्या मॉडेलचा बोर्ड आणून बदलण्याचा उपाय जुन्या डिस्कवर चाले. आता प्रत्येक डिस्कचे हेड आणि तबकड्या यांचे खास बारकावे कारखान्यात मोजून बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये साठवतात. ती चिप नव्या बोर्डावर हलवल्याशिवाय डिस्क चालत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क सुकवून लावून पाहणंही टाळावं. हेलियम भरलेल्या पूर्णबंद डिस्क सोडल्या तर बाकीच्यांना हवेसाठी गाळणीचं छिद्र असतं, तिथून पाणी आत जातं आणि सुकल्यावर गाळ तबकडीला चिकटतो. अशी डिस्क ओलसर ठेवून, हवाबंद पिशवीत तज्ज्ञाकडे न्यावी.

तज्ज्ञ काय करू शकतात याचा सर्वांत विलक्षण पुरावा १ फेब्रुवारी २००३ च्या कोलंबिया दुर्घटनेतला आहे. कल्पना चावला ज्या यानात होत्या त्याच्या अवशेषांत एक सीगेट डिस्क टेक्सासमध्ये काही महिन्यांनी सापडली. तिच्यावर झेनॉन वायूच्या प्रयोगाचा डेटा होता. क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या जॉन एडवर्ड्स यांनी सुमारे ९९ टक्के डेटा वाचवला आणि प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये प्रसिद्ध झाला. तबकडीचा इजा झालेला भाग रिकामा होता, हे त्या यशाचं मोठं कारण. त्या डिस्कला कुणी 'एकदा लावून पाहिलं' नव्हतं, हेही विसरू नये.

उरलेली कामं

फिरत्या डिस्कची जागा एक्स्टर्नल एसएसडी घेत आहेत. त्या पडण्याला घाबरत नाहीत, पण आवाजाचं निदान फिरत्या डिस्कसोबत गेलं. कंट्रोलर चिप बंद पडली तर पूर्वसूचना न देता सगळंच एकदम नाहीसं होऊ शकतं. 'चांगली नोंद विश्वासार्ह नसते' हा धडा तिथं अधिकच लागू होतो.

हार्ड डिस्क बनवणारे आज जगात तीनच मोठे उत्पादक उरले आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. त्यांच्याकडून ग्राहकानं काही गोष्टी हक्कानं मागाव्यात असं मला वाटतं. डिस्क एसएमआर पद्धतीची आहे की नाही ते खोक्यावर छापलेलं असावं. काही मॉडेलांत ही पद्धत न सांगता वापरल्याचं २०२० मध्ये उघडकीस आल्यावरच अशा मॉडेलांची यादी लोकांसमोर आली, हे पुन्हा होऊ नये. ब्रिज एन्क्रिप्शन करतो का तेही स्पष्ट लिहावं. स्मार्टच्या नोंदी प्रत्येक ब्रिजनं पुढं द्याव्यात. या माहितीसाठी उत्पादकाला नवं तंत्र शोधावं लागत नाही, तिच्या अभावी मात्र निदान अंधारात चालतं.

आपल्या बाजूचं काम त्याहून सोपं आहे. केबल, पोर्ट आणि वीज तपासावी. ऐकावं. बेसूर आवाज असेल तर थांबावं. स्मार्टची नोंद पाहावी, काही लिहू नये, प्रत घ्यावी आणि पुढचं सगळं प्रतीवर करावं. डिस्क धड असतानाच तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर हा नियम पाळला तर बिघाडाचं निदान नव्या डिस्कच्या किमतीपुरता प्रश्न उरतो. ओव्या, फोटो आणि टिपणं त्या प्रश्नात अडकू नयेत, यासाठीच हा सगळा खटाटोप.